जुनी लेन्स, नवा कॅमेरा : पार्श्वभूमीच्या धूसरपणाचा हिशेब

लेन्स घडवणाऱ्यांनी जे दोष घालवण्यात शंभर वर्षे खर्ची घातली, तेच दोष आज लोक शोधून शोधून विकत घेतात. हेलिऑस, ट्रायोप्लान, टाकुमार, ज्युपिटर ही नावे फिल्मचा जमाना संपला तेव्हा जवळपास मोडीत निघाली होती. आता नवा मिररलेस कॅमेरा घेतलेला पंचविशीतला मुलगाही ती सहज उच्चारतो. या लेन्समध्ये ऑटोफोकस नाही, कॅमेऱ्याशी बोलणारी चिप नाही, उजेडाकडे तोंड केले की चित्र फिके पडते. तरी त्यांना मागणी आहे ती मुख्यतः एका गोष्टीसाठी : फोकसबाहेरची पार्श्वभूमी त्या ज्या तऱ्हेने विरघळवतात त्यासाठी. या तऱ्हेला छायाचित्रकार ‘बोके’ म्हणतात.

जबलपूरच्या मराठी वाचकाला हा विषय परका वाटू नये. जीसीएफ, खमरिया, व्हेईकल फॅक्टरी हे आयुध कारखाने, रेल्वे, कोर्ट-कचेऱ्या आणि शाळा-कॉलेजे यांच्या निमित्ताने इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या घरांत एखादा झेनिट, याशिका किंवा पेंटॅक्स अजूनही निघू शकतो. त्यावरची लेन्स आजच्या कॅमेऱ्यावर बसते का, बसली तर खरोखर काही वेगळे देते का, की हे नुसते फॅड आहे, या प्रश्नांचा हा आढावा.

धूसरपणा येतो कुठून

फोकसमध्ये नसलेला प्रत्येक प्रकाशबिंदू चित्रात एक छोटी चकती होऊन उतरतो. पार्श्वभूमी म्हणजे एकमेकांवर पसरलेल्या अशा असंख्य चकत्या. चकती केवढी होणार हे लेन्सची फोकल लांबी, ॲपर्चर आणि विषयाचे व पार्श्वभूमीचे अंतर यांवर ठरते. इथे जुन्या-नव्याचा संबंध नाही, हे निव्वळ गणित आहे.

५८ मिमी एफ/२ ची लेन्स दीड मीटरवरच्या चेहऱ्यावर फोकस केली, तर खूप दूरच्या दिव्याची चकती फुलफ्रेम सेन्सरवर साधारण १.२ मिमीची होते, म्हणजे चित्राच्या रुंदीच्या ३ टक्क्यांहून थोडी जास्त. तोच माणूस पाच मीटरवर उभा केला की चकती रुंदीच्या एका टक्क्याखाली येते आणि ‘बोके’ नावाची जादू ओसरते. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याची खरी फोकल लांबी ७ मिमीच्या आसपास असते. एफ/१.८ असूनही दीड मीटरवर त्याची चकती रुंदीच्या ०.२ टक्क्यांच्या जवळपास राहते. म्हणून फोनला पार्श्वभूमी हिशेबाने धूसर ‘रंगवावी’ लागते.

चकतीचे आकारमान गणित ठरवते. तिचा पोत मात्र लेन्सची रचना ठरवते : कड तीव्र की विरलेली, गोल की लांबोडकी, मध्य भरलेला की रिकामा. जुन्या लेन्सची सगळी ओढ या पोतासाठी आहे. आदर्श लेन्समध्ये चकती सर्वत्र सारखी, गुळगुळीत असावी. जुन्या लेन्समध्ये ती तशी नसते आणि कशी नसते यावरून त्यांची घराणी पडतात.

पाच घराणी

पहिले घराणे गरगरणाऱ्या पार्श्वभूमीचे. चित्राच्या कोपऱ्यांकडे तिरपा येणारा प्रकाश लेन्सच्या नळीच्या कडांवर अडतो, गोल चकतीची मांजरडोळ्यासारखी फाक होते आणि या फाका केंद्राभोवती वर्तुळात मांडल्यासारख्या दिसतात. त्यात ॲस्टिग्मॅटिझम आणि प्रतिमेच्या पृष्ठभागाचा वक्रपणा मिसळला की पाने, फांद्या, दिवे सगळे चेहऱ्याभोवती घुमू लागते. या घराण्याचा सर्वांत प्रसिद्ध प्रतिनिधी सोव्हिएत हेलिऑस ४४-२, ५८ मिमी एफ/२.

त्याचे मूळ जर्मन आहे. कार्ल झाइसच्या विली मेर्टे यांनी १९२७ च्या सुमारास बायोटार ही रचना केली. दुसऱ्या महायुद्धानंतर नुकसानभरपाई म्हणून झाइसच्या येना येथील कारखान्यातली यंत्रसामग्री आणि ज्ञान सोव्हिएत संघाकडे गेले आणि मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात बायोटारचा सोव्हिएत अवतार जन्मला. झेनिट कॅमेऱ्यांबरोबर तो लाखोंनी बाहेर पडला. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकचे बोधचिन्ह मिरवणारे झेनिटही निघाले. भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात रुपयात व्यापार चालत असे, परदेशी कॅमेरे आयात करणे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होते, त्या काळात झेनिट हा अनेकांचा पहिला एसएलआर ठरला. हेलिऑस आज स्वस्त मिळते ती तिच्या दर्जापेक्षा या प्रचंड संख्येमुळे.

दुसरे घराणे साबणाच्या बुडबुड्यांचे. गोर्लिट्झच्या मायर-ऑप्टिक कारखान्याची ट्रायोप्लान १०० मिमी एफ/२.८ ही त्याची नायिका. आत फक्त तीन काचा. गोलीय दोषाची दुरुस्ती गरजेपेक्षा थोडी जास्त झालेली असल्यामुळे पार्श्वभूमीच्या चकतीत प्रकाश मधोमध न साठता कडेला गोळा होतो. उजळ कड आणि फिका मध्य : बुडबुडा. दवबिंदू, पानांमधून झिरपणारे ऊन, रात्रीचे दिवे असले की ही लेन्स खुलते. ते नसले तर तिची पार्श्वभूमी नुसती खरबरीत आणि अस्वस्थ दिसते. ट्रायोप्लानचे भाव संग्राहकांनी फार वर नेले आहेत. मात्र तशाच तीन काचांच्या, स्लाइड प्रोजेक्टरसाठी बनवलेल्या डायाप्लान किंवा पेंटाकॉन एव्ही १०० मिमी एफ/२.८ या लेन्स जवळजवळ तोच परिणाम देतात. त्यांना ॲपर्चर नसते आणि फोकस करण्याची सोयही नसते. ती सोय हेलिकॉइड नावाच्या फिरत्या नळीने बाहेरून करावी लागते.

तिसरे घराणे मऊ विरघळण्याचे. लुडविग बेर्टेले यांनी झाइससाठी केलेली सोनार रचना त्याच्या मुळाशी आहे. सोव्हिएत ज्युपिटर-९, ८५ मिमी एफ/२, ही तिचीच वंशज. पंधरा पात्यांचे ॲपर्चर असल्याने ते थोडे बंद केले तरी चकती गोल राहते. व्यक्तिचित्रासाठी या तिघांतले एकच घराणे निवडायचे तर मी हेच निवडेन. ते गाजावाजा करत नाही, म्हणून चेहऱ्याकडे लक्ष राहते.

चौथे घराणे सर्वांत जुने. व्हिएन्नात १८४० मध्ये गणिताचे प्राध्यापक जोसेफ पेट्झवाल यांनी व्यक्तिचित्रासाठी लेन्स आखली आणि फोग्टलेंडर यांनी ती बनवली. एफ/३.६ इतकी तेजस्वी लेन्स त्या काळी अपूर्व होती. बसलेल्या माणसाला मिनिटेच्या मिनिटे निश्चल राहावे लागत होते, ती वेळ सेकंदांवर आली. मध्यभाग तीक्ष्ण, कडा वेगाने ढासळणाऱ्या, पार्श्वभूमी गरगरती. सिनेमाच्या प्रोजेक्टरमध्ये ही रचना विसाव्या शतकातही टिकून राहिली. एकपडदा चित्रपटगृहे डिजिटल झाली तेव्हा सुटलेल्या प्रोजेक्शन लेन्समध्ये पेट्झवालचे वारस सापडतात. ज्याला लेथवर काम करून घेता येते त्याच्यासाठी हा कमी खर्चाचा आणि फारसा न चोखाळलेला रस्ता आहे.

पाचव्यात बाकीचे विक्षिप्त. इंडस्टार-६१ एल/झेड ही ५० मिमी लेन्स मधल्या ॲपर्चरवर दिव्यांच्या चांदण्या करते, कारण तिच्या सहा पात्यांच्या कडा मिळून चांदणीचा आकार करतात. ५०० मिमीच्या आरसा-लेन्समध्ये मध्यभागी छोटा आरसा असल्याने प्रत्येक दिव्याचे कडे होते. एकदा पाहायला गंमत वाटते, दहाव्या चित्रात कंटाळा येतो.

या सगळ्यांत एक नाव राहते ते साध्या ५० मिमीचे : सुपर-टाकुमार, निक्कोर, याशिनॉन, रोक्कोर, झुइको. त्यांचा बोके नाट्यमय नाही. पण बांधणी उत्तम, फोकसची कडी लोण्यासारखी फिरणारी आणि रंग सौम्य. मराठी घरांतून निघण्याची शक्यता याच लेन्सची अधिक आहे आणि शिकायला त्या सर्वांत चांगल्या.

बसेल की नाही

लेन्सचा माउंट आणि फिल्म यांच्यातले ठरावीक अंतर हा इथला कळीचा आकडा. एम४२ या स्क्रू माउंटसाठी ते ४५.४६ मिमी आहे, निकॉन एफसाठी ४६.५, कॅनन ईएफसाठी ४४, मिनोल्टासाठी ४३.५, जुन्या कॅनन एफडीसाठी ४२. नव्या कॅमेऱ्याचे अंतर लेन्सच्या अंतरापेक्षा कमी असेल तर उरलेली जागा ॲडाप्टरने भरता येते. जास्त असेल तर लेन्स दूरवर फोकस होतच नाही.

यातून काही विचित्र निकाल लागतात. कॅननच्या साध्या डीएसएलआरवर सोव्हिएत एम४२ लेन्स दीड मिमीच्या पातळ कड्याने बसते. पण कॅननचीच जुनी एफडी लेन्स त्याच कॅमेऱ्यावर नीट बसत नाही. निकॉनच्या डीएसएलआरवर एम४२ साठी ॲडाप्टरमध्ये जादा काच लागते आणि ती स्वस्तातली काच लेन्सचे गुण खाऊन टाकते. डी३५०० सारख्या नवशिक्यांसाठीच्या निकॉनवर जुनी निक्कोर चढते, पण एक्स्पोजर मीटर चालत नाही. उजेडाचा अंदाज आपण घ्यायचा, मग पडद्यावर चित्र पाहून सुधारायचे.

खरी मोकळीक मिररलेसने दिली. सोनी ई माउंटचे अंतर १८ मिमी, निकॉन झेडचे १६, कॅनन आरएफचे २०, फुजी एक्सचे १७.७. या सगळ्यांवर जवळपास कोणतीही जुनी एसएलआर लेन्स काचेविना, निव्वळ पोकळ नळीने बसते. २००८ मध्ये पॅनासॉनिक जी१ आला, २०१० मध्ये सोनी नेक्स, २०१३ मध्ये फुलफ्रेम सोनी ए७ आणि २०१८ मध्ये निकॉन झेड व कॅनन आर. जुन्या लेन्सचे पुनरुज्जीवन या वर्षांना धरूनच वाढले.

सावध राहायचे एक ठिकाण म्हणजे एम३९. एकाच व्यासाचे दोन माउंट या नावाने चालतात. लायका पद्धतीच्या रेंजफाइंडर लेन्सचे अंतर २८.८ मिमी, तर सुरुवातीच्या झेनिटच्या एम३९ चे ४५.२. बाहेरून ओळखू येत नाहीत. चुकीचा ॲडाप्टर लागला तर लेन्स एक तर फक्त हातभर अंतरावरचेच दाखवते, नाहीतर कुठेच फोकस होत नाही. विकत घेण्याआधी ती कोणत्या कॅमेऱ्यावरची आहे हे विचारावेच.

सेन्सरच्या आकाराचाही प्रश्न आहे. आपल्याकडे बहुतेकांच्या हातात एपीएस-सी, म्हणजे फुलफ्रेमपेक्षा लहान, सेन्सरचा कॅमेरा असतो. त्यावर ५८ मिमीचे दृश्य ८७ मिमीसारखे अरुंद होते आणि चित्राच्या कडा कापल्या जातात. हेलिऑसचे गरगरणे नेमके कडांनाच असते, म्हणजे ज्यासाठी लेन्स घेतली तेच बाहेर राहते. लेन्सचे चित्र आक्रसून लहान सेन्सरवर आणणारा ०.७१ पटीचा फोकल रिड्यूसर लावला तर बहुतेक कड परत मिळते, पण त्याची किंमत पुष्कळदा लेन्सपेक्षा जास्त पडते. बुडबुडे आणि मऊपणा चित्राच्या मध्यातही दिसतात, म्हणून एपीएस-सी वापरणाऱ्याने दुसऱ्या आणि तिसऱ्या घराण्याकडे पाहावे.

हाताने फोकस

कॅमेऱ्यात आधी दोन गोष्टी कराव्यात. ‘रिलीज विदाउट लेन्स’ हा पर्याय चालू करावा, एरवी कॅमेरा लेन्स नाहीच असे समजून क्लिक करत नाही. बॉडीत स्टॅबिलायझर असेल तर फोकल लांबी हाताने भरावी, नाहीतर तो चुकीच्या मापाने भरपाई करतो.

नव्या कॅमेऱ्यातले फोकस पीकिंग, म्हणजे तीक्ष्ण कडांवर दिसणारी रंगीत रेघ, मोठा आधार वाटते. एफ/२ वर मात्र ती जरा जास्तच उदार असते. ५८ मिमी एफ/२ वर दीड मीटरवरच्या चेहऱ्यात तीक्ष्ण राहणारी खोली सुमारे ८ सेंटिमीटर असते, नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंतही पुरत नाही. अर्ध्या मीटरवर ती एका सेंटिमीटरखाली जाते. तेव्हा पीकिंगवर अंदाज घ्यावा आणि चित्र मोठे करून डोळ्यावर पक्के करावे. मूल धावत असेल, लग्नात वरमाला पडत असेल, तिथे या लेन्सचा हट्ट धरू नये. ज्या क्षणाला दुसरी संधी नाही तिथे ऑटोफोकसच हवा.

हेलिऑस ४४-२ वर ॲपर्चरच्या दोन कड्या असतात आणि नवखा गोंधळतो. पहिलीवर मर्यादा ठरवायची, दुसरीने त्या मर्यादेपर्यंत उघडझाप करायची. उघडून फोकस करावे, मग मिटून क्लिक करावे. दुसरी कडी टकटक न करता सरकते, म्हणून व्हिडिओ करणाऱ्यांना ती आवडते.

बोकेसाठी ॲपर्चर उघडे ठेवायचे म्हटले की आपल्या उन्हाशी गाठ पडते. दुपारच्या स्वच्छ उन्हात आयएसओ १०० ला एफ/१६ वर १/१०० सेकंद लागतो, तर एफ/२ वर १/६४००. बऱ्याच कॅमेऱ्यांचे यांत्रिक शटर १/४००० पर्यंतच जाते. इलेक्ट्रॉनिक शटर वापरावे किंवा उजेड कमी करणारा तीन स्टॉपचा एनडी फिल्टर लावावा. सावली शोधावी हे त्याहून चांगले. जुन्या लेन्सवर कोटिंग बहुधा एकपदरी असते. सूर्य चौकटीच्या काठावर आला की पडदा धरल्यासारखा पांढरेपणा पसरतो. कधी तो हवा असतो, बहुतेक वेळा नसतो. पुठ्ठ्याचा किंवा रबराचा लेन्सहूड पुरतो.

विकत घेताना आणि सांभाळताना

जुन्या लेन्ससाठी मुंबईत फोर्टमधला बोरा बाजार, दिल्लीत चांदणी चौकातला कूचा चौधरी, कोलकात्यात मेट्रो गल्ली आणि पुण्यात जुना बाजार ही परिचित ठिकाणे. जबलपूरकराला बहुधा ऑनलाइन घ्यावे लागते. तिथे ‘मिंट’ या विशेषणापेक्षा टॉर्च लावून काढलेला आतल्या काचांचा फोटो मागावा.

तपासायच्या गोष्टी चार. टॉर्चच्या तिरप्या उजेडात कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी. सगळीकडे सारखी धुकट साय दिसली तर आतल्या ग्रीसची वाफ बसलेली. ॲपर्चरची पाती ओली चमकत असतील तर तेल. फोकसची कडी घट्ट किंवा खडखडती असेल तर वंगण सुकलेले. धुळीचे कण आणि पुढच्या काचेवरची एखादी रेघ यांनी चित्राचे फारसे बिघडत नाही. लोक नेमके त्यांनाच घाबरतात.

बुरशी हा आपल्या हवामानातला खरा शत्रू आहे. जबलपूरचा उन्हाळा कोरडा असला तरी जून ते सप्टेंबर हवेत ओल भरलेली असते आणि चामड्याच्या जुन्या केसमध्ये ती साठते. बुरशीच्या आम्लाने कोटिंग खाल्ले की पुसून उपयोग नाही. केस बाजूला ठेवून लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवावी, डब्यात स्वस्तातला आर्द्रतामापक टाकावा, आकडा ४० ते ५० टक्क्यांदरम्यान राखावा. निळे दाणे गुलाबी झाले की कढईत मंद आचेवर परतून पुन्हा निळे करावेत. ती कढई मग स्वयंपाकाला वापरू नये. अधूनमधून लेन्स काढून वापरणे हाही एक उपचार आहे.

थोरियमचा विषय हमखास निघतो. १९६० आणि ७० च्या दशकांतल्या काही लेन्समध्ये, उदाहरणार्थ सात काचांच्या सुपर-टाकुमार ५० मिमी एफ/१.४ मध्ये, काचेचा अपवर्तनांक वाढवण्यासाठी थोरियमचे ऑक्साइड मिसळलेले असे. अशी काच किंचित किरणोत्सारी असते आणि काही वर्षांनी चहासारखी पिवळी पडते. कॅमेऱ्यावर लावून फोटो काढायला ती धोक्याची नाही. मात्र ती फोडू-घासू नये आणि दुर्बिणीच्या भिंगासारखी डोळ्याला लावून बसू नये. पिवळेपणा अतिनील प्रकाशाने उतरतो. अतिनील एलईडीखाली ठेवणे उत्तम. ऊन वापरायचे तर हिवाळ्यातले कोवळे, लेन्सच्या मागे ॲल्युमिनियमची पन्नी लावून आणि नजरेसमोर, कारण लेन्स शेवटी आगभिंगही आहे. मे महिन्याच्या उन्हात ग्रीस पातळ होऊन पात्यांवर उतरते.

दुरुस्तीला कंपनीचे सेवा केंद्र मिळणार नाही, म्हणून हात चालवण्याची तयारी हवी. आपल्याकडे ती जुनी आहे. बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात स्वतःचा मूव्ही कॅमेरा घडवला आणि त्यातून १९२० मध्ये ‘सैरंध्री’ हा चित्रपट उभा राहिला. आयुध कारखान्यांच्या या शहरात तर ४२ मिमी व्यासाचा, १ मिमी पिचचा आटा कापून देणारा कारागीर सापडायला हरकत नाही. प्रोजेक्टरच्या लेन्सला कॅमेऱ्यावर बसवायला पुष्कळदा तेवढेच लागते.

नर्मदाकाठचा उजेड

लेन्सचे गुण जागेवर तपासावेत. गरगरण्यासाठी पार्श्वभूमीत बारीक, तुटक, उजेड-सावलीचा पोत लागतो आणि ती विषयापासून काही मीटर मागे हवी. डुमनाच्या झाडीत, पानांतून आकाशाचे तुकडे दिसतात अशा ठिकाणी, हेलिऑस शोभते. भेडाघाटच्या नावेत तीच लेन्स निराश करते : मागे संगमरवराची सलग फिकी भिंत असते, तिच्यात प्रकाशबिंदू नाहीत, चकत्या दिसणार कशाच्या? तिथे एफ/८ ला खडकाचे थर दाखवणारे चित्र जास्त खरे. धुआंधार धबधब्यापाशी तर जुनी लेन्स बाहेर काढण्यापूर्वी विचार करावा. या लेन्स ओलीपासून बंदिस्त नसतात आणि तुषार आत गेले की बुरशीला निमंत्रण.

बुडबुड्यांच्या लेन्सला जबलपूरच्या हिवाळ्यासारखा ऋतू नाही. हा जिल्हा मटारसाठी ओळखला जातो. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी मटारच्या वेलींवर दव असते. सूर्य कोवळा, समोरून तिरपा, आणि लेन्स जमिनीलगत : प्रत्येक थेंबाचा बुडबुडा होतो. त्यासाठी परदेशी फुलबागा नकोत.

ग्वारीघाटची संध्याकाळची आरती हे सर्वांत मोहाचे ठिकाण. पाण्यावर सोडलेले दिवे कोणत्याही जुन्या लेन्सला खुलवतात. तिथेच मला सर्वांत जास्त सावध करावेसे वाटते. चेहरा तीक्ष्ण आणि मागे नुसत्या सोनेरी चकत्या असलेले चित्र हरिद्वारचे असू शकते, वाराणसीचे असू शकते, दिवाळीतल्या एखाद्या गच्चीचेही. घाट पुसला की ग्वारीघाट उरत नाही. जबलपूरच्या अमृतलाल वेगड यांनी (१९२८–२०१८) नर्मदेची परिक्रमा करत तिच्या काठची माणसे रेखाटनांत आणि कागदी कोलाजांत पकडली. त्यांतला माणूस नदीपासून तोडलेला नसतो. कॅमेऱ्याने तेच करायचे तर एफ/२ वरून एफ/४ वर यावे, दिवे ओळखू येतील इतके राहू द्यावेत, पायऱ्यांची एखादी रेघ आणि नावेचा आकार उरू द्यावा. हेलिऑसचे गरगरणे एफ/४ च्या पुढे जवळजवळ नाहीसे होते आणि उरते ती एक चांगली, थोडी मऊ ५८ मिमी लेन्स. तिलाही किंमत आहे.

नक्कल, नवे उत्पादन आणि सिनेमा

२०१६ मध्ये आयफोन ७ प्लसने ‘पोर्ट्रेट मोड’ आणला आणि धूसर पार्श्वभूमी सर्वांच्या खिशात आली. आता ॲप गरगरणेही बनवून देतात. केसांच्या कडा, चष्म्याची काच, झिरझिरीत पदर या ठिकाणी गणना अजून अडखळते, पण ती सुधारत जाईल. तेव्हा ‘फोनला जमत नाही’ हा जुन्या लेन्सच्या बाजूचा युक्तिवाद फार काळ टिकणारा नाही. टिकणारा युक्तिवाद वेगळा आहे : लेन्समध्ये धूसरपणा काढताना दिसतो. पाऊलभर पुढे-मागे झालो तर पार्श्वभूमी कशी बदलते हे डोळ्याने कळते आणि त्यातून अंतर व उजेड वाचायची सवय लागते. नंतर लावलेला परिणाम ही सवय लावत नाही.

जुने दोष नव्याने बनवण्याचा उद्योगही उभा राहिला आहे. लोमोग्राफीने २०१३ मध्ये लोकवर्गणीतून पेट्झवाल ८५ मिमी पुन्हा आणली. २०२२ मध्ये टीटीआर्टिझनने बुडबुडेवाली १०० मिमी एफ/२.८ एम४२ माउंटमध्ये काढली. मायर-ऑप्टिकचे नाव पुन्हा वापरात आणणारी कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेली, मग नाव दुसऱ्यांच्या हाती जाऊन उत्पादन सुरू झाले. नवी लेन्स घेतली तर बुरशीची आणि तेलाची चिंता वाचते, हा फायदा लहान नाही.

सिनेमाने या गोष्टींना प्रतिष्ठा दिली. स्टॅन्ली कुब्रिक यांनी ‘बॅरी लिंडन’साठी (१९७५) नासासाठी बनलेली झाइस ५० मिमी एफ/०.७ लेन्स वापरून मेणबत्त्यांच्या उजेडात प्रसंग टिपले. ‘ड्यून : पार्ट टू’मध्ये (२०२४) छायालेखक ग्रेग फ्रेझर यांनी नव्या आवरणात बसवलेल्या सोव्हिएत लेन्स वापरल्या. डिजिटल सेन्सर इतके काटेकोर झाले की त्यांच्या चित्राला थोडा खडबडीतपणा कुठून तरी आणावा लागतो. तो लेन्समधून आणण्याचा मार्ग छायालेखकांना पटला. तरी या दोन्ही उदाहरणांत लेन्स कथेच्या गरजेतून आली, हे लक्षात ठेवावे.

शेवटी निवाडा

जुन्या लेन्सच्या बाजूने जे बोलले जाते त्यातले बरेचसे खरे आहे. पोत वेगळा असतो, बांधणी टिकाऊ असते, खर्च कमी येतो, हात आणि डोळा शिकतात. विरुद्ध बाजूचेही खरे आहे. गरगरणारी पार्श्वभूमी लवकर शिळी होते, ऑटोफोकस नसल्याने कितीतरी क्षण निसटतात आणि स्वस्त म्हणत म्हणत घेतलेल्या सात-आठ लेन्सच्या किमतीत एक चांगली नवी लेन्स आली असती.

म्हणून क्रम असा धरावा. घरात किंवा नात्यात जी ५० मिमी असेल तिला आधी ॲडाप्टर घ्यावा. फुलफ्रेम मिररलेस असेल आणि गरगरण्याची हौस असेल तर एक हेलिऑस ४४-२ घ्यावी. बुडबुडे हवे असतील तर ट्रायोप्लानच्या भावाकडे न पाहता प्रोजेक्टरची लेन्स किंवा टीटीआर्टिझनची नवी लेन्स पाहावी. व्यक्तिचित्रे हेच काम असेल तर ज्युपिटर-९. एपीएस-सी असेल तर गरगरण्याचा नाद सोडावा. पैसे देऊन काम घेतले असेल, विशेषतः लग्नाचे, तर पिशवीत ऑटोफोकसची लेन्स असलीच पाहिजे.

आणि दुसरी लेन्स घेण्याआधी पहिलीने पावसाळा, हिवाळा, उन्हाळा असे एक पूर्ण वर्ष काम करावे. एवढ्या काळात ती कोणत्या अंतरावर, कोणत्या उजेडात चांगली आणि कुठे कामाची नाही हे पाठ होते. ते पाठ झाले नसेल तर पुढची लेन्स घेऊ नये.